चेलोला खांदा

कामिलने गाडी विकली त्या दिवशी उस्ताद बहगत यांच्या लक्षात आलं, की गेली कित्येक वर्षं आपण चेलो फक्त वाजवत होतो. उचलत होता कामिल.

कामिल त्यांच्याच वाद्यवृंदात डफ वाजवायचा. त्याचं वाद्य काखेत मावणारं आणि गाडी मात्र अशी ऐसपैस, की मागे चेलो आडवा निजवून वर कामिलच्या बायकोची भाजी ठेवता येई. आता तो मुलाकडे कुवेतला निघून गेला होता आणि जाताना, काळजी करू नका, चेलो काय, सहज जातो कुठेही, असं सांगून गेला होता. माणसाचं विमानाचं तिकीट निघालं की त्याला जगातल्या सगळ्याच गोष्टी सहज जातात असं वाटायला लागतं.

चेलो सहज जात नाही. बासरी बाहीत लपवता येते, व्हायोलिन हनुवटीखाली धरून पळता येतं. चेलो म्हणजे वयात आलेलं, अंगाने भरलेलं व्हायोलिन. त्याला खुर्चीवर बसून दोन्ही गुडघ्यांत धरावं लागतं, आणि बाहेर न्यायचं तर लाकडी पेटीत घालावं लागतं. ही पेटी उभी केली की बहगत यांच्या हनुवटीपर्यंत येई. हनुवटीपर्यंत हे त्यांचं स्वतःचं माप. पत्नी इन्शिराहबाई यांच्या मते कपाळापर्यंत.

एरवी ही अडचण पुढे ढकलता आली असती. बहगत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर विभागाचे प्रमुख होते. अडचण पुढे कशी ढकलावी हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. पण वसंतातला जलसा तोंडावर आला होता, आणि मध्यंतरानंतरची आलापी, साथीशिवाय, एकट्याने, यंदा पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आली होती. वाट्याला आली होती म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक मायेस्त्रो लबीब यांनी ती त्यांच्या ताटात वाढली होती आणि पळी अजून वर धरून ठेवली होती. लबीब शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. उशिरा येणारा माणूस आणि बेसूर वाजवणारा माणूस यांत त्यांना फरक दिसत नसे. त्यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकलं, की उस्तादांना तालमीला उशीर झाला तर ती आलापी डॉक्टर हाझिम कीबोर्डवर करतील. हाझिम दातांचे डॉक्टर. त्यांच्या कीबोर्डवर चेलोचं एक बटण होतं. ते दाबलं की चेलोसारखा आवाज येई, म्हणजे भूल न देता दाढ काढली जात असलेल्या चेलोसारखा. पण ते बटण कधी उशिरा येत नसे, हेही खरं होतं.

पहिला प्रश्न घराबाहेर पडण्याचाच होता. कोम अल-दिक्काच्या चढावरची त्यांची इमारत जुनी, लिफ्ट इमारतीहून जुनी. तिच्यात एक तर बहगत मावत किंवा चेलो. म्हणून त्यांनी चेलोला लिफ्टमध्ये उभं केलं, बटण दाबलं, आणि स्वतः जिन्याने धावले. मध्ये तिसऱ्या मजल्यावर हज्जा तफीदा यांनी लिफ्ट थांबवली. हज्जा अंगाने काडीसारख्या आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काळा कोट घातलेल्या त्या गृहस्थाला त्यांनी सलाम केला, जरा सरकायला सांगितलं, आणि खालपर्यंत त्याला आपल्या गुडघ्याची हकीकत ऐकवली. गृहस्थाने उत्तर दिलं नाही. दारही उघडलं नाही. खाली पोहोचल्यावर हज्जांनी पहारेकरी खलफला सांगितलं, की बहगतकडचा पाहुणा रुबाबदार आहे, पण त्याला वळण नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतभर झाली, आणि दोन शेजारणी इन्शिराहबाईंना, पाहुणे किती दिवस आहेत, असं विचारून गेल्या.

रस्त्यावर आल्यावर टॅक्सी. अलेक्झांड्रियातल्या टॅक्सीवाल्यांचा स्वभाव असा, की माणूस दिसला तर ते वेग कमी करतात आणि माणसाशेजारी पेटी दिसली तर वाढवतात. पाच-सहा टॅक्सी अशा वाऱ्यासारख्या गेल्यावर बहगत यांनी युक्ती केली. पेटी वर्तमानपत्रांच्या टपरीमागे उभी केली आणि स्वतः एकटेच, निरागस चेहऱ्याने, फुटपाथच्या कडेला हात वर करून उभे राहिले. टॅक्सी थांबली. भाडं ठरलं. मग बहगत टपरीमागे गेले आणि चेलो घेऊन आले.

टॅक्सीवाला बराच वेळ पेटीकडे बघत राहिला. 

"लपवलंत ना, उस्ताद," तो शेवटी म्हणाला. रागाने नाही, दुखावल्या आवाजात. लग्न ठरल्यावर नवऱ्या मुलाची पहिली बायको समोर यावी, तसा.

त्याने चेलोला पुढच्या सीटवर बसवलं, पोलिसाचं लचांड नको म्हणून पट्टाही लावला, आणि बहगत यांना मागे पाठवलं. संपूर्ण प्रवासात तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. उतरताना सरकारी अधिकारी असलेल्या बहगत यांना इतकं अपराधी वाटलं, की त्यांनी त्या माणसाची दोनदा माफी मागितली. पुन्हा टॅक्सीत बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या मंगळवारच्या तालमीला ट्राम. ट्राम ही सुसंस्कृत माणसांची सवारी, असं बहगत यांचं मत होतं. ते गेली काही वर्षं ट्राममध्ये बसले नव्हते. कंडक्टरने पेटीला तिकीट लागेल म्हणून सांगितलं. बहगत यांनी ते आनंदाने काढलं. मग कंडक्टर म्हणाला, हे प्रवाशाचं तिकीट झालं, सामान असेल तर ट्राममध्ये नेता येत नाही. बहगत म्हणाले, मग हा प्रवासी आहे. कंडक्टरने थोडा विचार केला आणि सांगितलं, की प्रवासी असेल तर त्याने बायकांच्या डब्यात उभं राहू नये. तेव्हा कुठे बहगत यांना आपण कुठल्या डब्यात चढलो ते कळलं.

पुरुषांच्या डब्यात गर्दी होती, पण माणसं समजूतदार होती. कुणी पेटीवर कोपर टेकवलं, कुणी पाठ. एका म्हाताऱ्याने तिच्या मुठीला आपली पिशवी अडकवली आणि शांतपणे जपमाळ काढली. उतरताना बहगत यांनी सगळं लक्ष चेलो सांभाळण्यावर दिलं. ट्राम सुटली, आणि मग खिडकीतून चोर, चोर असा आवाज लांब लांब जाऊ लागला. बहगत यांनी चोराच्या शोधात चौफेर पाहिलं. पिशवी त्यांच्या पेटीला लटकत होती आणि तिच्यात काकड्या होत्या.

म्हाताऱ्याला गाठायला ते पुढच्या थांब्यापर्यंत चेलोसकट धावले, पण तो सापडला नाही. तालमीच्या दारात ते पोहोचले तेव्हा मायेस्त्रोंची छडी वर गेलेलीच होती. लबीब यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग काकड्यांकडे. आणि डॉक्टर हाझिम यांना त्यांनी आलापीचा कागद घरी न्यायला सांगितला, नुसती नजर टाकायला.

आता शेजारी मदतीला धावले. शेजाऱ्यांचं एक असतं, तुमच्या घरात सुख असलं तर त्यांना दारं लावून घेता येतात, पण अडचण असली की राहवत नाही. कुणी सुचवलं, चेलो विकून ऊद घ्या, तेही तारांचंच वाद्य, पण काखेत मावणारं. कुणी म्हणालं, दोन चेलो घ्या, एक इथे, एक तिथे. पहारेकरी खलफचं म्हणणं, त्याच्या गावी म्हशीचं रेडकूसुद्धा गाढवावर नेतात. इन्शिराहबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

सरशी झाली पाचव्या मजल्यावरच्या इंजिनियर फिक्री यांची. जन्मभर त्यांनी जहाजांच्या यंत्रात डोकं घातलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून ते डोकं कुठे घालावं ते त्यांना कळत नव्हतं. पेटीला चाकं लावायची, असा त्यांनी निकाल दिला. बहगत यांनी जरा चाचरत म्हटलं, की लाकूड फार जुनं आहे, भोकं पडतील. फिक्री म्हणाले, मी जहाजाला भोकं पाडली आहेत. या वाक्यावर बहगत यांनी थांबायला हवं होतं.

चाकं लागली. ती उत्तम होती. कोम अल-दिक्काचा उतार तितकासा उत्तम नव्हता. दुपारी, माणसं जेवून आडवी झालेली असताना, गल्लीच्या दगडांवरून पेटी अशी खडखडत निघाली, की खिडक्या एकेक उघडायला लागल्या. बहगत एका खिडकीकडे बघून क्षमा मागत होते, तेवढ्यात हातातली मूठ निसटली. पेटी त्यांच्यापुढे गेली. घाई न करता, वळणावर वळली, एका मांजराला वाट दिली, आणि खालच्या चहाच्या दुकानासमोर दोन खुर्च्यांच्या मध्ये जाऊन थांबली. तिथे डॉमिनो चालला होता. बहगत धापा टाकत पोहोचले तेव्हा एका गड्याने सोंगट्यांवरून नजर न उचलता त्यांना खुर्ची दाखवली.

"बसा, उस्ताद. तुमचा माणूस आधीच बसलाय."

चेलोला काही झालं नव्हतं. पेटीच्या दोन्ही कड्या मात्र तुटल्या होत्या, आणि तेव्हापासून तिचं झाकण बोलताना उघडणाऱ्या तोंडासारखं अधूनमधून उघडायला लागलं. फिक्री यांनी चाकं काढून घेतली आणि म्हणाले, की दोष रस्त्याचा आहे.

शेवटी तोडगा निघाला तो असा, की चेलो न्यायचाच नाही. तालीम होई त्या सरकारी संस्कृतीभवनात भांडार होतं. तिथेच तो ठेवायचा, तालमीपुरता वर आणायचा, पुन्हा खाली. भांडारपाल मादाम अफाफ गोड स्वभावाच्या बाई. विणकाम बाजूला ठेवून त्यांनी चेलो ठेवून घेतला आणि पेटीवर एक क्रमांक चिकटवला. सरकारी यादीत चेलो हा शब्द नसल्यामुळे त्याची नोंद 'व्हायोलिन, मोठं' अशी झाली. दोन मंगळवार बहगत खिशात हात घालून, शीळ घालत तालमीला गेले. मायेस्त्रोंच्या आधी पोहोचले. हाझिम यांनी आलापीचा कागद परत केला. सगळं असं सुरळीत चाललं, की बहगत यांनी एक गोष्ट लक्षातच घेतली नाही: जलसा भवनात नव्हता. तो समुद्राकाठच्या थिएटरात होता.

जलशाच्या आठवड्यात ते चेलो घ्यायला गेले. मादाम अफाफ यांनी चहा मागवला आणि सांगितलं, की भांडारातली वस्तू दाराबाहेर जात नाही.

"पण वस्तू माझी आहे," बहगत म्हणाले.

"आत आली तेव्हा तुमची होती, उस्ताद. तुमच्या कचेरीत जमा झालेलं मीटर कधी परत जातं का?"

मीटर परत जात नसे. लोक येत, विनवण्या करत, आणि बहगत त्यांना चहा पाजून हेच उत्तर देत. गेली इतकी वर्षं आपण लोकांना किती सौजन्याने वागवत होतो याचा त्यांना अभिमान होता. सौजन्य समोरून येतं तेव्हा ते कसं लागतं हे त्यांना आज कळलं. वस्तू सोडवायला समितीची सही लागे. समितीतला एक सदस्य उमऱ्याच्या यात्रेला मक्केला गेला होता, दुसऱ्याची जागा रिकामी होती, तिसऱ्या स्वतः मादाम अफाफ होत्या, आणि त्यांना एकटीने निर्णय घेणं बरं वाटत नव्हतं.

जलशाच्या दिवशी सकाळी बहगत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. हाझिम यांना फोन करून, तुम्हीच करा आलापी, असं सांगण्याइतका आवाज गोळा करत होते. इन्शिराहबाईंनी खजुराच्या बिस्किटांचा डबा भरला, पायात बूट चढवले, आणि त्यांना उठवलं. चल, एवढंच म्हणाल्या.

भवनात त्या मादाम अफाफ यांच्या शेजारी बसल्या. आधी बिस्किटं झाली, मग विणकामाचे टाके झाले, मग दोघींच्या सुनांचा विषय निघाला. बहगत दाराबाहेर उभे राहून घड्याळ बघत होते. दुपार कलता कलता इन्शिराहबाईंनी सहज विचारलं, की इथलं एखादं वाद्य मोडलं तर काय करता हो? मोडलं तर दुरुस्तीला बाहेर पाठवतो, अफाफ म्हणाल्या. त्याला समिती लागत नाही, माझी सही पुरते. वादकाने फक्त लिहून द्यायचं. एवढं बोलून त्या थांबल्या, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

बहगत यांना आत बोलावून कागद पुढे सरकवला गेला. 'सदर वाद्य वाजवण्यास अयोग्य आहे' असं लिहायचं होतं. बहगत यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. त्यांच्या चेलोचा षड्ज म्हणजे, त्यांच्या मते, सबंध शहरात तोड नसलेली गोष्ट होती. 

"हे मी कसं लिहू?" ते म्हणाले.

"काकड्या घेऊन गेलास त्या दिवशीचा लबीबचा चेहरा आठव आणि लिही," इन्शिराहबाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. सही मात्र त्यांनी मान फिरवून केली. मादाम अफाफ यांना ते बघवलं नसावं, कारण त्यांनी स्वतःहून बैठकीच्या टेबलावरचं हिरवं कापड काढलं आणि कड्या तुटलेली पेटी त्यात घट्ट बांधून दिली. ते कापड मात्र कुठल्याही सहीशिवाय बाहेर पडलं.

बाहेर रस्ता रिकामा होता. कुणी मंत्री समुद्राकाठच्या कारंज्याचं उद्घाटन करणार होते म्हणून टॅक्सी वळवल्या होत्या, आणि ट्रामगाड्या एकीमागे एक, शाळेबाहेर उभ्या केलेल्या मुलांसारख्या, थांबून होत्या. बहगत पायरीवर बसले. 

"कामिल असता तर," ते म्हणाले.

"कामिलच्या गाडीत पुढे त्याची बायको, मागे तुझा चेलो," इन्शिराहबाई म्हणाल्या. "मी कुठे बसणार होते? एवढ्या वर्षांत एक जलसा बघितला नाही मी." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. मग त्यांनी पेटीचं पुढचं टोक धरलं. "तू मागून उचल."

बहगत यांनी मागून उचललं. चेलो हलका लागला. इतके दिवस शहरातल्या सगळ्या वाहनांचा विचार झाला होता, दुसरं टोक धरण्याचा तेवढा झाला नव्हता.

थोडं पुढे गेल्यावर एका चहाच्या दुकानातला रेडिओ बंद झाला. माणसं खुर्च्यांवरून उठली. बहगत यांना वाटलं, मंत्री आले. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तेवढ्यात उसाच्या रसाच्या दुकानातला धिप्पाड मालक एप्रनला हात पुसत आला आणि इन्शिराहबाईंना हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही सोडा. बाईमाणसाने हे करायची वेळ यावी, आम्ही काय मेलोय?" त्याने पुढचं टोक खांद्यावर घेतलं. दुसऱ्या बाजूने एकजण आला, मागून दोघं. हिरव्या कापडातली ती लांबट पेटी क्षणात चौघांच्या खांद्यावर चढली आणि बहगत यांचे हात रिकामे झाले. अनोळखी माणसालाही खांदा दिला तर पुण्य लागतं. आणि उतरत्या दुपारी फुकट मिळणारं पुण्य त्या रस्त्यावर कुणी सोडत नसे.

बहगत खुलासा करणार होते. पण लोक चांगल्या चालीने निघाले होते, आणि थिएटरच्या दिशेने निघाले होते.

"कोण होते?" रसवाल्याने चालता चालता विचारलं.

"चेलो," बहगत यांनी खरं ते सांगितलं.

"अल्ला त्यांना जागा देवो. परदेशी का?"

"मूळ इटलीचे."

"आणि हे हिरवं कापड?"

"शेवटी शेवटी इकडचेच झाले होते," बहगत म्हणाले, आणि इन्शिराहबाईंनी रुमाल तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलताना पाहून मागच्या एकाने सांत्वनाचे चार शब्द काढले.

कारंज्यापाशी पोलिसांनी दोर लावून रस्ता अडवला होता. मिरवणूक पाहून त्यांनी दोर खाली केला आणि टोप्या काढल्या. इतक्या मानाने बहगत यांच्यासाठी आजवर एकही दार उघडलं नव्हतं. 

थिएटरच्या फाटकाशी रसवाला थांबला, दारावरची पाटी वाचू लागला, आणि आता काहीतरी सांगणं भाग होतं. इन्शिराहबाईंनी पुढे होऊन कापडाची गाठ सोडली आणि झाकण उघडलं. चौघंही वाकून बघत राहिले. 

"वाद्य आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मोठं आहे, आणि आम्ही दोघंच होतो. तुम्ही विचारण्याआधीच उचललंत. आमचं चुकलं, वेळेवर बोललो नाही."

रसवाल्याने खांदा चोळला. तो बहगत यांच्याकडे बघेना; चेलोकडेच बघत होता. "म्हणजे पुण्य गेलंच," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने: "एवढं आणलंय, तर वाजतं कसं ते बघू द्या."

चौघं पहिल्या रांगेत बसले, एप्रनसकट. त्यांच्या शेजारी इन्शिराहबाई. मायेस्त्रो लबीब यांनी घड्याळ पाहिलं, वेळेवर आलात, एवढंच म्हणाले, आणि हाझिम यांच्या हातातला आलापीचा कागद, जो त्यांना पुन्हा देण्यात आला होता, पुन्हा काढून घेतला.

मध्यंतरानंतर दिवे मंद झाले आणि बहगत एकटे पुढे बसले. खालच्या तारेवर गज ठेवला. पहिले काही सूर त्यांनी लबीबसाठी वाजवले, काटेकोर, जागच्या जागी. मग त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. रसवाला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परक्याच्या घरी बसावं तसा, आदबीने बसला होता. इन्शिराहबाईंची मान किंचित कलली होती. अशी मान त्या घरी फक्त कुकरची शिट्टी ऐकताना कलवत. बहगत वाजवत गेले. एका जागी सूर हळू हळू उतरत अगदी तळाशी आला आणि तिथे थांबला, इतका वेळ, की लबीब यांनी डोळे उघडले. मग रसवाल्याच्या तोंडून, दबक्या आवाजात, अल्लाह, असा एक निःश्वास निघाला, आणि तो धरून बहगत पुन्हा वर चढले.

जलसा संपल्यावर लोक बराच वेळ उभे होते. डॉक्टर हाझिम स्वतः आले, हात हातात घेतला, आणि म्हणाले की त्यांची गाडी बाहेर आहे, चेलो आडवा सहज मावेल. दर मंगळवारीही नेता येईल, वाटेवरच आहे. बहगत यांनी विचारलं, की मग माणसं किती मावतील? कीबोर्ड मागे, म्हणजे उस्ताद तुम्ही एकटे पुढे, हाझिम म्हणाले. बहगत यांनी आभार मानले आणि सांगितलं, की आमचं जमतं.

रस्त्यावर अजून वर्दळ होती, भाजलेल्या बियांच्या गाड्या लागल्या होत्या, मंत्री गेले होते आणि कारंजं बंद पडलं होतं. इन्शिराहबाई पुढे, बहगत मागे, मध्ये सरकारदरबारी नादुरुस्त असलेला चेलो.

"ते शेवटाकडे अगदी खाली जाऊन थांबलास ना," इन्शिराहबाई म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, तू विसरलास."

बहगत यांनी मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "विसरलोच होतो."

इन्शिराहबाई थांबल्या. पेटी जमिनीला टेकवली, हात बदलला, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मग विसरत जा अधूनमधून. चल, उचल."